आत्याबाई, मुक्काम चौथा मजला

३ फेब्रुवारी, सोमवार

आज आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे तिची मांजर. करडी, गुबगुबीत, आणि बसते अशी, की चार दिवस राहायला आलेल्या एखाद्या आत्यानं पहिल्याच दिवशी पडद्यांचा रंग बघून नाक मुरडावं. नाव तिनंच ठेवलंय.

ती दुसऱ्या शहरात गेली. नोकरीचं प्रशिक्षण, काही महिने. होस्टेलवर मांजर चालत नाही. बसस्टँडवर तिनं टोपली माझ्या हातात दिली तेव्हा मी विचारलं, "आणि आपलं काय?" ती म्हणाली, "बघू." नाही म्हणायचं असतं तर तिनं नाही म्हटलं असतं. तोंडावर बोलणारी मुलगी आहे. तेव्हा बघू म्हणजे हो, फक्त लाजत आलेलं.

तिच्या तळमजल्याच्या खोलीत आत्याबाई खिडकीतून हव्या तेव्हा बाहेर जायच्या. मागच्या महिन्यात एका मोटारीखाली येता येता वाचल्या, म्हणून आता बाहेर पाऊल टाकायचं नाही. "घरातच ठेव, पण डांबून ठेवल्यासारखी नको," ती म्हणाली. यात फरक काय ते मला कळलं नाही. विचारणार होतो, पण बस सुटली.

घरी आलो तर ताईनं मांजरीच्या वाळूचा ट्रे आधीच आणून ठेवला होता. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. "बरं झालं," म्हणाली, "तुझाही वेळ जाईल." माझा वेळ जात नाही असं मी कुणाला सांगितलं होतं?

६ फेब्रुवारी, गुरुवार

आत्याबाई रडतात. दाराशी बसून, मान वर करून, एकच लांब हेल काढतात. शेजाऱ्यांनी दोनदा भिंत ठोकली. मग मी आमच्या बाजूनं ठोकली.

जाळीवाला येऊन गेला. गॅलरीला आणि खिडक्यांना नायलॉनची जाळी लावायची होती. त्यानं विचारलं, "कबुतरांसाठी ना?"

"मांजरीसाठी."

"म्हणजे बाहेरच्यानं आत येऊ नये म्हणून नाही, आतल्यानं बाहेर जाऊ नये म्हणून." त्यानं मान हलवली. "मग गाठी बाहेरच्या अंगाला घेतो. आतला जास्त चिवट असतो."

भाऊजी लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. संध्याकाळी आले, जाळीतून रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झकास. आता दाराखालून ताट आत सरकवायचं तेवढं राहिलं." मग बूट काढता काढता, सहज विचारल्यासारखं, "माझ्याबरोबर येतोस का रे कामाला? हाताखाली माणूस हवाच आहे. अडकलेल्यांना बाहेर काढायचं पुण्य लागेल."

"आत्याबाईंना एकटं सोडता येत नाही," मी म्हटलं.

ताई आणि भाऊजींनी एकमेकांकडे बघितलं. हल्ली ते असं फार बघतात. कॉलेज सोडून इथे आलो त्या दिवसापासून. तेही सोडलं म्हणजे काय, प्रॅक्टिकलच्या सरांनी माझी जर्नल फेकली, मी त्यांची खुर्ची फेकली. त्यांनी जर्नल उचलली असती तर मीही खुर्ची उचलली असती. कुणी समजूनच घेत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज ती फोनवर पाऊण तास बोलली! सगळं आत्याबाईंबद्दल, पण पाऊण तास.

तिचं म्हणणं, घरातल्या मांजरीला उंच बसायला जागा हवी आणि लपायला एक कोपरा हवा. वाळूचा ट्रे आणि खाण्याची वाटी शेजारी शेजारी नको. "आपण तरी जेवू का तिथे?" नखं घासायला खांब हवा. आणि जेवण आयतं द्यायचं नाही. आधी दोरीमागे पळवायचं, शिकार करू द्यायची, मगच वाटी पुढे. खेळ झाला की दोरी कपाटात, नाहीतर गिळतात.

"नुसतं खाऊपिऊ घातलं म्हणजे झालं नाही रे," ती म्हणाली. "दिवसभर करायला काही नसलं की ती चिडते, ओरबाडते. ती मुळात वाईट नाहीये. तिला कंटाळा आलाय, एवढंच."

किती समजून घेते ती त्या मांजरीला! मी ऐकत राहिलो. माझ्याबद्दल तिनं फारसं विचारलं नाही. मी कुठे झोपतो ते मात्र विचारलं. (आत्याबाई कुठे झोपतात, त्या ओघात.)

२० फेब्रुवारी, गुरुवार

हात सोलवटलेत, पण घर बघण्यासारखं झालंय. खिडकीत फळी ठोकली. खाट काढून टाकलेल्या कोपऱ्यात भाऊजींचं जुनं लाकूड उभं करून त्याला काथ्या गुंडाळला. पुठ्ठ्याच्या नळीत खाऊचे दाणे घालून नळी दोन्हीकडून अर्धवट बंद केली. आत्याबाई ती नळी लाथाळत घरभर हिंडतात आणि एकेक दाणा पडला की जगावर उपकार केल्यासारखा खातात. रडणं थांबलंय. दुपारी फळीवर बसून खालच्या रस्त्यावरच्या माणसांना नापास करत असतात. मीही शेजारी स्टूल घेऊन बसतो. दोघांचे निकाल बहुतेक जुळतात.

दाराचा नियम कडक केलाय. आधी टकटक, मग मी आत्याबाईंना आतल्या खोलीत नेणार, मग दार टीचभर उघडणार, मग आडवं होऊन आत. आज ताई शाळेत शिकवून दमून आली. दोन्ही हातांत पिशव्या, तिनं कोपरानं दार ढकललं. मी ओरडलो. जरा जास्तच ओरडलो.

ती पिशव्या तिथेच ठेवून म्हणाली, "माझं घर आहे हे. मला माझ्या घरात सरळ शिरता येत नाही." मग हळू आवाजात, "तू शेवटचा खाली कधी उतरलास?"

मला आठवेना. पण उतरून जाऊ कुठे? कॉलेजच्या रस्त्याला जाववत नाही, तिच्या जुन्या खोलीच्या रस्त्यालाही नाही. आणि या गावचे उरलेले सगळे रस्ते शेवटी त्या दोन रस्त्यांनाच जाऊन मिळतात.

२ मार्च, रविवार

भांडण झालं.

ती म्हणाली, आत्याला एकदा दवाखान्यात दाखवून आण, लस द्यायची आहे. दवाखाना म्हणजे तो सोनेरी चष्मेवाला डॉक्टर. कॉलेज करता करता ती संध्याकाळी त्याच्याकडे काम करायची. "डॉक्टर खूप चांगले आहेत," ती म्हणाली.

खूप?

मी विचारलं, खूप म्हणजे किती. ती म्हणाली, म्हणजे काय. मी म्हटलं, म्हणजे तेच. तिनं फोन ठेवला. मग मी मेसेज लिहिले. आता मोजत नाही, पण वर ओढत गेलं की अंगठा दुखतो.

तिचा एकच आला: "तुझ्या मेसेजचा आवाज मी बंद करून ठेवलाय. दिवसातून एकदा बघेन. आत्याचं काही तातडीचं असलं तर फोन कर."

आत्याचं तातडीचं! माझ्या जिवाचं काही तातडीचं नसतंच का? लस द्यायला नेलं नाही. नेणारही नाही.

१२ मार्च, बुधवार

फोन आला. नोकरी पक्की झाली. तिकडेच. खोली मिळाली, घरमालकाला मांजर चालते. "या रविवारी येऊन आत्याला घेऊन जाते," म्हणाली. आवाजात इतका आनंद होता की मला आधी आनंदच झाला. मग कळलं.

मी म्हटलं, "आत्ता कुठे ती इथे रुळलीय. पुन्हा जागा बदलली तर धसका घेईल. खाणं सोडेल. अशा मांजरी खचतात."

"खरंच?"

"तूच म्हणायचीस ना, त्यांना जागेची सवय लागते."

खोटं नव्हतं ते. अगदी खरंही नव्हतं. आत्याबाई कुठेही रुळतील, त्यांना एक फळी आणि तुच्छतेनं बघायला चार माणसं मिळाली की झालं. पण त्या गेल्या तर ती या घराची पायरी कशाला चढेल?

ती म्हणाली, "बरं. रविवारी येते तरी. बघते आणि ठरवते."

येतेय! कशासाठी का असेना.

१५ मार्च, शनिवार, दुपार

खाली उतरलो. पाय चालणं विसरलेत की काय असं वाटलं. फुलवाल्याच्या दुकानातली सगळ्यात मोठी फुलं घेतली, लिलीची, पांढऱ्यावर गुलाबी झाक असलेली. वास असा की जिन्यात तीन दारं उघडली.

आत्याबाईंना तर वेडच लागलं. इतक्या दिवसांत बाहेरचं असं काही घरात आलं नव्हतं. फुलांत तोंड खुपसलं, पानं चघळली, फुलदाणीतलं पाणी प्यायल्या. फुलांची केशरी पूड सगळी मिश्यांना. मग फळीवर बसून पंजानं तोंड पुसून पुसून ती चाटून साफ केली. मी फोटो काढला, केशरी मिश्या आणि मागे फुलं. तिला पाठवला: "आत्याबाई उद्याच्या तयारीला लागल्या."

अजून बघितलेला नाही.

१५ मार्च, संध्याकाळ

आत्याबाई दोनदा ओकल्या. केसांचा गोळा अडकला असेल, पण गोळा काही दिसला नाही. दोरी हलवली तर नुसतं बघितलं. तोंडातून लाळ गळतेय. ताईच्या पलंगाखाली जाऊन बसल्यात. जेवण तसंच.

मला वाटतं, त्यांना कळलंय उद्या कोण येणार ते. प्राण्यांना कळतं. माझ्याही घशाखाली घास उतरत नाहीये. आम्ही दोघं एकाच आजारानं पडलोय, हसायलाच हवं.

ताई वाकून पलंगाखाली बघत होती. "अरे, डॉक्टरांना फोन कर."

"त्या सोनेरी चष्म्याला? मेलो तरी नाही."

"तू नाही मरत आहेस," ताई म्हणाली.

फोटो अजून बघितलेला नाही.

१६ मार्च, रविवार, सकाळ

बघितला! आत्ता. आणि लगेच फोन!

काल दुपारपासून एका अक्षराचं उत्तर नाही, आणि आज फुलं बघितल्याबरोबर धावत आली. मी उचलणार नाही. थोडं तिलाही कळू दे, वाट बघणं म्हणजे काय असतं.

वाजतोय. थांबला. पुन्हा वाजतोय. वाजू दे. कॉलेज सुटल्यापासून तिनं मला सलग दोनदा फोन केलेला नाही. हा तिसरा. फुलांनी काम केलं म्हणायचं. चौथा. पाचव्याला उचलतो.

आता ताईचा फोन वाजतोय. ताई धावत येते

१७ मार्च, सोमवार

काल पुढे लिहिता आलं नाही.

ताई धावत आली ती ओरडतच: "ती फुलं विषारी आहेत! मांजरीला विषारी! ती बसमधून ओरडतेय, आधी दवाखान्यात ने!" मी पलंगाखाली हात घातला. आत्यानं ओरबाडलं नाही. ओरबाडायला हवं होतं. ती ओल्या टॉवेलसारखी हातात आली.

टोपली नाही, नियम नाही, दार सताड उघडं. भाऊजींनी गाडी काढली. सगळ्या वाटेत ती माझ्या शर्टाच्या आत होती आणि मी म्हणत होतो, आत्ये, ओरड ना. ओरड की गं.

सोनेरी चष्मा रविवारी दवाखाना बंद असताना शटर उघडून उभा होता. तिनं त्यालाही फोन केला होता. जवळून बघितला तर माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली, पायात घरातल्या सपाता.

"लिली," तो म्हणाला. "पान, फूल, पाणी, काहीही. मिश्यांवरची पूड चाटली तरी पुरते. मूत्रपिंडं जातात. उलट्या कधीपासून?"

"आज सकाळपासून," मी म्हटलं.

का म्हटलं? ताई शेजारी उभी होती म्हणून. त्याच्यासमोर मान खाली जाऊ नये म्हणून. तोंडातून निघून गेलं.

तो सलाईन जोडत होता. "सकाळपासून असेल तर चांगलं आहे, बराच वाव आहे. त्या हिशेबानंच चालतो मग." त्यानं नळीवरची, थेंबांचा वेग ठरवणारी चकती फिरवायला हात नेला.

"काल संध्याकाळपासून," मी म्हटलं. "काल दुपारी खाल्लं. संध्याकाळी ओकली. मी आणली नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चकती उलट्या बाजूला फिरवली आणि म्हणाला, "पाय धरा. घट्ट नको, पण सोडू नका."

आत्ता आत्या पिंजऱ्यात आहे. पुढच्या पायाची लव काढून तिथे सुई. डॉक्टर म्हणाले, लघवी झाली तर आशा आहे. मी त्या पिंजऱ्याखालच्या ट्रेकडे बघत बसलोय.

१९ मार्च, बुधवार

झाली. काल दुपारी झाली. ट्रे ओला बघून मी इतक्या जोरात ओरडलो की बाकावर बसलेल्या बाईंचं कुत्रं भुंकायला लागलं. तिनं माझा हात धरला. मग सोडला.

ती रविवारी दुपारपासून इथेच होती. माझ्याशी बोलली नव्हती. आज आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलो.

"शिव्या दे," मी म्हटलं.

"फुलांचं तुला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. ते नाही रे." ती बोटानं पायरीवरची माती खरवडत होती. "फोन का नाही उचललास?"

मी सांगितलं. खरं ते सांगितलं. ऐकताना तिचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही.

मग मी विचारायचं नव्हतं ते विचारलं. "दुसरं कुणी आहे का?"

"कुणी नाहीये. कुणी असायलाच लागतं का? मला तुझ्याबरोबर राहायचं नाही, एवढं पुरत नाही का तुला?" आवाज चढला नाही, तेच वाईट. "बघू म्हटलं ते चुकलंच माझं. तू कॉलेज सोडून बसला होतास, आणखी काय बोलणार होते? ताई म्हणाल्या, त्याला काहीतरी सांभाळायला दे. मला वाटलं, चांगलं होईल."

"झालं होतं," मी म्हटलं.

"हो. फळी छान केलीस," ती म्हणाली. आणि रडली. मांजरीसाठी की कशासाठी, ते मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी विचारलं नाही.

२४ मार्च, सोमवार

आत्या घरी. बारीक झालीय, पाणी फार पिते. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं पूर्वीसारखी होणार नाहीत, पण सांभाळलं तर वर्षं काढेल. घरात ठिकठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवल्यात. भाऊजींचा पाय रोज एकीत पडतो. "लिफ्टच्या खड्ड्यातही इतकं पाणी नसतं," म्हणतात, आणि पुन्हा भरून ठेवतात.

आज दुपारी आत्या फळीवर चढायला गेली, जमलं नाही, खाली बसून माझ्याकडे बघत राहिली. मी उचलून ठेवणार होतो. मग जमीन आणि फळीच्या मध्ये स्टूल ठेवलं. आधी स्टूलवर, मग फळीवर. स्वतःची स्वतः गेली.

तिला फोन केला. म्हटलं, "रुळलीय वगैरे मी म्हणालो होतो ते मला हवं म्हणून म्हणालो होतो. ती तुझ्याकडे आरामात राहील. तुला सुट्टी मिळणार नाही, मीच आणून सोडतो."

ती म्हणाली, "नक्की?"

नक्की नव्हतं. पण म्हटलं, "शनिवारी."

२९ मार्च, शनिवार

परतीच्या बसची वाट बघत लिहितोय.

येताना आत्या सगळ्या वाटेत टोपलीत गप्प होती. टोपलीत मी माझा जुना शर्ट घातला होता, ओळखीचा वास असावा म्हणून. शेजारच्या प्रवाशानं विचारलं, "कुठे निघालात मांजर घेऊन?" म्हटलं, "तिला माहेरी सोडायला." तो हसला. मलाही हसू आलं.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. छोटी, पण उजेड चांगला. ती आधीच सगळं करून बसली होती. खिडकीला जाळी. मी प्रत्येक गाठ ओढून बघितली. एक तरी सैल निघावी असं मनातून वाटत होतं. एकही निघाली नाही. फळी माझ्याहून सरळ ठोकलेली. घरात एक फूल नाही.

टोपलीचं झाकण उघडलं तशी आत्या सरळ पलंगाखाली गेली, भिंतीला लागून बसली.

"येईल बाहेर," ती म्हणाली. "बस ना. चहा टाकते."

बसायचं होतं. इतकं बसायचं होतं की गुडघे आपोआप वाकायला लागले होते. आत्या बाहेर येताना बघायची होती. ती वाकून तिला हाक मारताना बघायची होती. एक चहा म्हणजे अर्धा तास, सावकाश प्यायलो तर आणखी थोडा.

"नको," मी म्हटलं. "नव्या जागेत पहिल्या दिवशी एकच माणूस असावं. दोघं असली की ती कुणाच्याच भरवशावर बाहेर येत नाही."

"तू काय परका आहेस तिला?"

"या खोलीत आहे."

तिनं आणखी आग्रह केला नाही. शर्ट टोपलीत तसाच राहू दे का, विचारलं. मी म्हटलं, चार दिवस राहू दे, मग धुऊन टाक.

बाहेर येऊन मीच दार ओढून घेतलं, झटकन, फट न ठेवता. आतून तिचा आवाज येत होता, अगदी हळू, "आत्याबाई, ये, कुणी नाहीये गं." कडी घातल्याचा आवाज येईपर्यंत थांबलो. आला. मग उगाच आणखी थोडा थांबलो, आणि जिना उतरलो.